उघड्या दारातला उस्ताद

आक्काच्या धाकट्या भावाला सगळे उस्ताद म्हणत, कारण त्यानंच तशी सवय लावली होती. गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं दुकान. पोट एवढं सुटलेलं की स्टिअरिंगमागे बसून दार लावणं त्याला जमायचं नाही, आणि तसं कबूल करणं तर त्याहून नाही. म्हणून दार सताड उघडं, एक पाय बाहेर, अशीच त्याची तपासणी. कामाची हीच पद्धत, असं वर गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

आक्काची मान आखडलेली. मागे वळता येत नाही, म्हणून सगळी भिस्त आरशांवर. लेक उंच, त्यानं गाडी चालवली की आक्काला आरशात नुसतं आभाळ दिसायचं. मग बटण दाबून आरसा खाली झुकवायचा. पण ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा बटणाला दाद देईना.

उस्तादानं आरशाची मोटर बदलली. दुकानात आरसा लाडानं मान हलवायचा, रस्त्यावर ढिम्म. गाडी पुन्हा नेली, त्यानं बटण बदललं. रस्त्यावर परत ढिम्म. तिसऱ्या खेपेला या अकलेच्या कांद्यानं निदान केलं ते आक्काचंच. भाच्याला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्या आईला हल्ली भास होतात, किल्ली काढून घे. भाचाही असला शहाणा, की मान डोलावून आला. उद्यापासून किल्ली माझ्याकडे, म्हणाला.

आक्का भांडली नाही. अंगणात गाडीत बसून बटण दाबत राहिली. कंटाळून उतरायला दार उघडलं, बोट बटणावरच होतं, आणि आरसा हलला. दार लावलं, थांबला. उघडलं, हलला. तेव्हा तिला भावाचं पोट आठवलं आणि हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी लेकाला घेऊन ती दुकानात गेली. उस्तादानं पाय बाहेर ठेवून बटण दाबलं, आरसा हलला. त्यानं भाच्याकडे बघून भुवया उडवल्या.

"आता पाय आत घे," आक्का म्हणाली, "आणि दार लाव."

"कशाला आक्का? हलतोय की."

"मी दार उघडं टाकून गाडी चालवत नाही रे. लाव."

त्यानं श्वास कोंडला, पाय ओढून घेतला. तरी दार लागेना, तेव्हा आक्कानं कंबरेनं रेटलं. पोट स्टिअरिंगवर दाबलं जाऊन हॉर्न वाजायला लागला. चहा पीत बसलेली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. उस्ताद बटण दाबतोय, हॉर्न बोंबलतोय आणि आरसा मढ्यासारखा गप्प.

दार आणि गाडी यांच्यामध्ये वायरींवर रबरी नळी असते. उस्तादानं शेवटी ती मागे सारली तर आत एक वायर तुटलेली. दार उघडलं की टोकं टेकायची, मिटलं की सुटायची. जन्म गेला या धंद्यात, पण तिथं बघायची बुद्धी झाली नाही. वायर जोडताना म्हणतो कसा, मला आधीपासूनच संशय होता.

आक्कानं लेकापुढे हात पसरला. त्यानं किल्ली दिली आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसला. तिनं दार लावलं, बटण दाबलं, आरसा आपल्या नजरेला आणला. त्यात उस्ताद नीट दिसत होता. दुसऱ्याच्या गाडीत, दार सताड उघडं, एक पाय बाहेर.