मायच्या लुगड्यातली एसएसडी

मला घोर लागायला फार काही लागत नाही. कॉम्प्युटरला लावून फायली साठवायची एसएसडी तिच्यावर लिहून लिहून झिजते, एवढंच कुठंतरी वाचलं आणि झालं! श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, तेव्हाची गाणी माय म्हणायची. ती मी मोबाइलमध्ये भरून घेतली होती आणि पुढे एसएसडीवर टाकली होती. त्यानंतर सहा महिन्यांत माय गेली, मग मोबाइलही बंद पडला. तिचा आवाज उरला तो त्या एवढ्याशा डबीत.

मी ती वापरायचीच सोडली. आम्हा बायकांना जपायचं म्हणजे एकच ठाऊक: मायच्या लुगड्याच्या घडीत गुंडाळून लोखंडी कपाटात. जळगावचे चार उन्हाळे तिने तिथे काढले. ऐकावंसं वाटलं की मी कपाट उघडायची, घडी चाचपायची आणि परत लावायची. ऐकलं तर झिजेल, ही भीती.

यंदा धुळ्याहून, देवपुरातून भावाचा फोन आला. "सूनबाईले कानबाईना गाना येत नहीत. मायनी रेकॉर्डिंग धाडी दे."

कॉम्प्युटरला लावली, तर काहीच दिसेना. तशीच उठून दुरुस्तीच्या दुकानात गेले. सगळं ऐकून दुकानदार वैतागलाच.

"ताई, घरच्या वापराने ही वर्षानुवर्षं संपत नाही. ऐकल्याने तर नाहीच नाही. पण अशी बंद पडून राहिली की आतलं हळूहळू विरतं, त्यात आपला उन्हाळा. अधूनमधून लावायची तरी होती."

त्याने दोन दिवस मागितले. ते दोन दिवस मी घरात दिसेल त्याच्यावर खेकसत होते. खरा राग माझाच मला आला होता.

अकरा गाण्यांपैकी नऊ निघाली. गेलेली दोन कोणती, हे दुकानदाराने विचारलं, तर मला सांगता येईना. मी ती परत कधी ऐकलीच नव्हती.

शेवटचं गाणं तिथेच लावलं. गाणं संपलं तरी रेकॉर्डिंग चालूच होतं. माय दम खाते आणि सगळं भरून घेतलं ना, असं विचारते, "बठ्ठं भरी लिधं ना? आते तू म्हन बरं."

"मंग म्हनसू, माय," तेव्हाची मी घाईघाईने म्हणते, आणि रेकॉर्डिंग बंद करते.