चपलीचं झाड

पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात स्लिपर ऑर्किड फुललंय, आणि तेही मी बियांपासून वाढवलेलं. हे मी गावभर सांगत सुटलेय, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. सांगणारच. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं कानात बोळे घालावेत.

नवऱ्याची बदली शिलाँगला होती तेव्हा हे फूल मी पहिल्यांदा पाहिलं. खालची पाकळी अगदी चपलेच्या पुढच्या टोकासारखी, पोकळ, पिवळट तपकिरी, तुकतुकीत. ओळखीच्या एका बाई आम्हाला चुनखडीच्या कड्यावर घेऊन गेल्या. तिथं ही झाडं दगडाच्या खाचेत, कुजलेल्या पानांत नि शेवाळात बसलेली. धुकं सारखं अंगावर. पाणी येतं नि वाहून जातं, मुळं ओली राहतात पण बुडत नाहीत. ऊन वरच्या झाडांतून गाळून येईल तेवढंच. परत येताना नर्सरीतून एक रोप विकत घेतलं आणि आख्ख्या प्रवासात मांडीवर धरून घरी आणलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचं आयुष्य सोयगावच्या शेतात गेलेलं, त्यामुळं ज्याचं काही पिकत नाही ते त्यांच्या लेखी तण. त्यांनी फुलाकडं बघितलं नि म्हणाल्या, "हे कसलं गं चपलीचं झाड? देवाला वाहता येत नाय, डोक्यात माळता येत नाय." मी म्हटलं, "बघता येतं की." त्यांना काही ते पटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते आमच्या घरी फुललं. त्याचे पराग वाहणारे किडे तिकडं डोंगरात राहिले, म्हणून दात कोरायच्या काडीनं मीच पराग उचलून जागेवर लावले. महिनाभरात फुलामागचा देठ फुगला, शेंग धरली. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

वैशाखात माहेरच्या लग्नाला गेले आणि परत येऊन बघते तर कुंडी गच्चीवर, रणरणत्या उन्हात. आत काळी माती ठासून भरलेली. आत्या कौतुकानं सांगायला लागल्या, "त्या कुंडीत नुसता सडका पाला होता, फेकून दिला. गावाकडून चांगली माती मागवली. आता तापू दे. माती तापल्याबिगर पीक येत नाय."

कपाशीच्या रानाला ते शंभर टक्के खरं आहे. उन्हाळ्यात रान तापवल्याशिवाय आमच्याकडं कुणी पेरत नाही. पण ह्या झाडाची पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी झाली होती. मला जे बोलायचं ते मी बोलले, तोंड माझं पहिल्यापासून तिखट. आत्या एवढंच म्हणाल्या, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." पुढं कुणीही विचारलं की त्यांचं हेच उत्तर. रडू मला एकटीलाच येत होतं.

शेंग तेवढी हिरवी राहिली होती. तिच्यातलं बी वाया गेलं असतं तर त्या झाडाचं मागं काहीच उरलं नसतं.

बी म्हणजे काय, नुसती धूळ. त्यात अन्नाचा कण नसतो. डोंगरात कुजलेल्या पानांतली बुरशी त्याला भरवते. माझ्या स्वयंपाकघरात ती कुठून आणणार? मग काचेच्या बाटल्यांत साखर घातलेली जेली भरली, बाटल्या प्रेशर कुकरमध्ये उकळल्या, माशांची जुनी टाकी आडवी करून तिच्यात हात घालून शेंग चिरली नि बी बाटल्यांत टाकलं. हवेनं कचरा उडेल म्हणून पंखा बंद. घामानं नुसती निथळत होते. एवढं करून बहुतेक बाटल्यांत नको ती बुरशी आली. एक वाचली. कितीतरी महिने तिच्यात काही दिसेना, आणि एके सकाळी हिरवे ठिपके. त्या बाटलीचा मी मुका घेतला.

रोपं बाहेर काढायची वेळ आली तेव्हा मला तो कडा आठवत होता. काळी माती नाही, साल, शेवाळ आणि चुनखडी. गुलमंडीच्या बाजारात चुनखडीचे खडे विचारत फिरले. दुकानदार म्हणाला, "पानाला पायजे का भिंतीला?" म्हटलं, "फुलाला." आमच्या बोअरचं पाणी खारट, पानांची टोकं जळायची, म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवलं. उन्हाळ्यात रोपांच्या खोलीत कूलर. नवरा म्हणायचा, "पुढच्या जन्मी मला तुझं झाड कर."

आत्या त्या कुंड्यांना बोटही लावत नसत. पण दुपारी कूलरची टाकी कायम भरलेली दिसायची. एकदा त्यांना बादली ओढत नेताना पकडलं, गुडघे दुखत असताना. विचारलं तर म्हणाल्या, "मला गरम होतंय." त्यांचा पलंग दुसऱ्या खोलीत होता.

एकेक करत रोपं गेली, एक राहिलं. इतके उन्हाळे काढून यंदा थंडीत त्याला कळी आली आणि ती उमलली. तीच पिवळट तपकिरी चप्पल, तसाच तुकतुकीतपणा. मराठवाड्याच्या ह्या कोरड्या हवेत मी ते फुलवलं, आणि मला त्याचा गर्व आहे. लपवायचा कशाला?

बघायला शेजारच्या ताई आल्या. आत्या फुलासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. ताई म्हणाल्या, "ह्याला पिल्लू फुटलं की मला द्या बरं."

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या, "देऊ की. पण उन्हात ठेवायचं नाय आन् काळी माती घालायची नाय. मी घातली व्हती. ह्याची माय माझ्या हातानं मेली."

इतक्या वर्षांत हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. आत्यांनी माझ्याकडं बोट केलं नि म्हणाल्या, "हिनं जगवलं."