पस्तान्याची पिशवी

देवासच्या बळवंतरावांचे पणजोबा म्हणे दरबारात राजेसाहेबांच्या स्वारीचा बंदोबस्त बघत. त्यामुळे प्रवास आखणं आपल्या रक्तातच आहे, असं बळवंतराव येईल त्याला ऐकवत. शेजाऱ्याला नुसतं सरदारपुरला लग्नाला जायचं असलं तरी कुठली बस, कुठे बदलायची, ऊन कुठल्या बाजूला येईल, हे सांगितल्याशिवाय ते त्याला सोडत नसत. स्वतः मात्र ते इंदूरपलीकडे फारसे गेले नव्हते.

आणि ऐन कोरोनात त्यांच्यावर इटलीला जायची वेळ आली. मुलगी शिवांगी बोलोन्याला होती, पहिलटकरीण. जावई अनीश भला, पण त्याला बाळंतपणातलं काय कळणार? काहीही करून तिचे दिवस भरायच्या आत तिच्या आईला, सावित्रीबाईंना, तिथे पोचवायचं होतं. बळवंतरावांनी कंबर कसली. पण विमान ठरवावं तर मधल्याच देशाने दार लावून घ्यावं. ते उघडलं की इटलीने नियम बदलावा. रोमहून बोलोन्याची रेल्वे तर त्यांनी इतक्यांदा बदलली की अनीश म्हणाला, "बाबा, आता स्टेशनवाले तुम्हाला नावाने ओळखायला लागतील."

एकदाची तारीख ठरली, तर सावित्रीबाई म्हणाल्या, "दिवस वाईट आहे."

"विमान पंचांग बघून उडत नाही!"

"नको बघू दे. मी पस्ताना ठेवते."

म्हणजे असं, की निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी सामानातलं काहीतरी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं आणि प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. ज्याच्यावाचून अडेल तेच ठेवावं, ही सासूबाईंची शिकवण. सावित्रीबाईंनी कापडी पिशवीत सुपारी, हळकुंड आणि दोघांचे पासपोर्ट घातले आणि समोरच्या दत्ताजींच्या बायकोच्या हाती फाटकातूनच पिशवी दिली.

पुढच्याच आठवड्यात दत्ताजी पॉझिटिव्ह निघाले. फाटकाला बांबू बांधले गेले आणि बाहेर खुर्ची टाकून पालिकेचा माणूस बसला. बळवंतरावांनी कपाळाला हात लावला.

"नुसती सुपारी ठेवायची होतीस! सुपारीवाचून माझं काय अडलं असतं?"

मग ते चपला सरकवून रस्त्यावर त्या माणसाकडे गेले. "भिया, बस एक थैली चाहिए."

"अंकल, अंदर की चीज अंदर ही रहेगी."

तो माणूस चहाला गेला तेव्हा कुठे दत्ताजी मास्क लावून वरच्या गॅलरीत आले आणि त्यांनी पिशवी फेकली. ती बळवंतरावांच्या छातीवर आदळली. त्यांनी तिच्यावर अख्खी बाटली सॅनिटायझर ओतलं आणि विजयी मुद्रेने ते घराकडे वळले. दारात सावित्रीबाई उभ्या.

"पाऊल आत टाकायचं नाही! पस्ताना उचलला की घरी परत यायचं नाही."

"अगं, विमान परवा आहे!"

"इंदूरला राहू. तपासणीही तिथेच करू." बॅगा त्यांनी ओट्यावर आणून ठेवल्याच होत्या, दाराला कुलूपही लावलं होतं. बळवंतरावांचे नवे बूट आतच राहिले. टॅक्सीत इंदूर येईपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

संध्याकाळी हॉटेलात दत्ताजींचा फोन आला. गल्लीत आणखी चौघे पॉझिटिव्ह निघाले होते आणि सगळी गल्लीच बंद झाली होती. कोणालाही बाहेर सोडत नव्हते. बळवंतराव मुकाट्याने जेवले.

तपासणी निगेटिव्ह आली, विमान उडालं, रेल्वेही मिळाली. बोलोन्यात मात्र आधी विलगीकरण. अनीशने आपल्या घरासमोरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर खोली घेतली होती. रोज संध्याकाळी शिवांगी खाली फुटपाथवर उभी राही आणि आई वर खिडकीत. बळवंतरावांच्या आखणीप्रमाणे विलगीकरण संपल्यावर बाळंतपण होतं. बाळाने ती आखणी मानली नाही.

एका दुपारी खाली टॅक्सी थांबली. शिवांगी एक हात कमरेवर धरून खिडकीखाली आली. इतके महिने ही मुलगी फोनवर म्हणत होती, "अरे मत आओ ना आई, हम मॅनेज कर लेंगे." आता मान वर करून ती म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय."

सावित्रीबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या. "घाबरायचं नाही. मी आहे ना. बघ, इथेच आहे!"

बळवंतरावांनी मागून त्यांचा पदर घट्ट धरून ठेवला होता. शिवांगीने डोळे पुसले, मान हलवली आणि ती टॅक्सीत बसली.

एवढा खटाटोप करून बायकोला आपण नुसतं खिडकीपर्यंतच आणलं, या विचाराने बळवंतरावांना भरून आलं. टॅक्सी वळून दिसेनाशी झाली तरी सावित्रीबाई तिकडेच बघत होत्या.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "वेळेवर पोचलो."