पाया पडू न देणारा पाहुणा

साक्रीकडून दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एक पाहुणा आमच्याकडे पारोळ्याला यायचा. माझ्या वडिलांचा, आबांचा, जुना सोबती, एवढीच त्याची ओळख. येताना नागलीच्या पिठाची पिशवी आणायचा, माझ्याकडे टक लावून बघायचा, आणि मी पाया पडायला वाकले की चटकन मागे सरायचा. मला त्याचा भारी राग यायचा. शेजारपाजारच्या पोरींचा नमस्कार मुकाट घेणारा हा माणूस माझ्याच वेळी पाय का आखडतो?

पंधरा वर्षांची असताना मी त्याला ओसरीवरच अडवलं. "बठ्ठा पोरीसना नमस्कार चालस, मन्हाच का चालत नही? मन्हामा काय खोट शे?"

तो डोक्यावरची टोपी काढून खाली वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला.

आमच्या खानदेशात भाची मामाच्या पाया पडत नाही. मामाच भाचीच्या पाया पडतो. शिंदखेड्याचा माझा मामा, मायचा सख्खा भाऊ, असाच पडायचा. पण हा तर मायचा कोणीच नव्हता. मी मायकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून दारात उभी होती.

मग आबांनीच सांगितलं. सरकारी जंगलातलं गवत कापायचा सत्याग्रह झाला, तेव्हा ते साक्रीकडे गेले होते. तिथे गोळीबार झाला. विळा घेऊन पुढे गेलेली पाहुण्याची बहीण जागच्या जागी गेली, तिचा नवरा तुरुंगात तापाने गेला, आणि पाहुण्याच्या मागे पोलीस लागले. बहिणीची चार महिन्यांची पोर उरली. आबांनी ती बैलगाडीतून घरी आणली. मायचं तान्हं बाळ महिन्यापूर्वीच गेलं होतं, तिच्या अंगावर दूध होतं. ती पोर म्हणजे मी. पाहुणा तुरुंगातून सुटून आला तोवर मी मायला माय म्हणायला लागले होते. मला तिच्यापासून तोडायचं त्याच्या जिवावर आलं.

शंभर प्रश्न सोडून मी विचारलं, "ती दिसायले कशी व्हती?"

"तुन्हासारखी," पाहुणा म्हणाला. "अशीच भांडखोर."

मी रडता रडता हसले. माय मात्र हसली नाही.

पाहुण्याने मग आबांना भीत भीत विचारलं, "भाऊ, यंदा आखाजीले इले आठ दिन लई जाऊ का?"

"तिलेच इचारा," म्हणून माय आत निघून गेली. मला जायचं होतं, माझ्या आईचं गाव बघायचं होतं. मी हो म्हणाले, पण त्यानंतर दोन दिवस मायच्या नजरेला नजर देता आली नाही.

निघायच्या दिवशी पेटी मायनेच भरली. उघडून बघते तर चारही लुगडी, दिवाळीची चोळी, कंगवा, आणि सगळ्यांत खाली गोधडी. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं. मी तडकले, "आठ दिनले गोधडी कसाले वं माय?"

"तठे जंगल शे," ती खाली बघत म्हणाली. "हिवायामा थंडी राहस."

हिवाळ्याला अजून सहा महिने होते. मी परत येईन असं तिने धरलंच नव्हतं. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काही सुचेना. मी पेटी पालथी केली, दोन लुगडी ठेवली, बाकी सगळं गोधडीसकट तिच्या मांडीवर टाकलं.

"नववा दिनले गाडी धाड," मी म्हणाले. "नही धाडी ते मी पायी येसू."