रुमालाआडचं बोलणं

दुष्काळात मी लातूरला कामाला होतो. शाळा अर्ध्यात सुटलेली, गाव लांब, बोलायलाच भ्यायचो. टँकरच्या रांगेत एक मावशी भेटायच्या. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून ऑपरेशन करून कानात यंत्र बसवलेलं, त्याचा एक भाग कानामागं.

"लेकरा, तोंडावर रुमाल धर अन् बोल," त्या म्हणायच्या. "ओठ बघून कळतंय रे, पण नुसतं ऐकायची सवय करायचीय. फोनवर लेकीचे ओठ कुठं दिसतेत? या यंत्रातनं समद्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यावाणी येतो."

मी गावाकडचं सांगत राहायचो. माझं बोलणं कुणाला तरी हवं होतं, याचंच बरं वाटायचं.

एकदा रांगेतच लेकीचा फोन आला. एरवीसारखा दुसऱ्याकडं न देता मावशींनी तो कानामागच्या यंत्राला लावला. "वरडू नको गं, हळू सांग. पुन्हा सांग."

टँकर आला. आम्ही त्यांची घागर पुढं सरकवत राहिलो.

फोन ठेवून त्या अख्ख्या रांगेला म्हणाल्या, "दिवस गेलेत म्हणं तिला! तिनंच सांगितलं, मी ऐकलं."