दोन टोले आणि मधली रिकामी जागा

वासूदादा गेला. आज सकाळी, नागपूरच्या हॉस्पिटलमध्ये. त्याची शिष्या मृणाल जवळ होती. तिनेच फोन करून सांगितलं.

तुम्ही त्याला संगीतकार म्हणून ओळखता. टेप, सिंथेसायझर, परदेशातले कॉन्सर्ट. व्हायोलिन थांबतं, लाकडावर दोन टोले पडतात आणि मग लांबलचक काहीच नाही.

समीक्षक त्या रिकाम्या जागेला शांतता म्हणायचे.

मला त्या जागेची भीती वाटायची. अजून वाटते.

१९५६ असावं. वडशाजवळचं आमचं गाव, मोहफुलांचे दिवस. मी नऊ वर्षांची, दादा तेरा. सकाळीच आम्ही मायसोबत फुलं वेचायला जंगलात गेलो.

जंगलात कुणी नावाने हाक मारत नसे. वाघाला नाव कळतं म्हणत. काठीने खोडावर दोन टोले द्यायचे. पलीकडून दोन टोले आले, की माणूस आहे.

वेचता वेचता मी लांब गेले. मान वर केली.

समोर तो बसला होता. वीस पावलांवर.

तेवढ्यात दादाचे टोले आले. ठक. ठक.

वाघाचा कान वळला.

काठी माझ्या हातात होती. हात उचलेना.

आणि माझ्या डोक्यावरच्या फांदीवर सुतारपक्ष्याने चोच मारली. ठक. ठक.

लांबून दादाचा आवाज आला, "हाय थे तिकडं, माय! टोपलं भरल्याबिगर नाई येत. हावरट हाय."

माय हसली. दोघांचे आवाज दूर गेले.

मी तशीच उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग तो उठला आणि झुडपात गेला.

घरी आल्यावर दादाने विचारलं, "जवाब तूच देल्ला ना?"

"नाई."

"मंग कोनं?"

"सुतारपक्ष्यानं."

तो त्या दिवशी जेवला नाही.

पुढे रेडिओत टेक्निशियन झाला. ब्लेडने टेप कापून जोडायचा, माझ्या कानाला हेडफोन लावायचा. "सांग, हे मानसानं वाजवलं का मशीननं?"

मी हमखास चुकायची.

"तुले काईच कळत नाई, पेपरवाले!" म्हणायचा. पण चेहरा उतरायचा त्याचा.

मागच्या महिन्यात शेवटची रचना ऐकवली. तीच रिकामी जागा.

"इथी तू वाजवशीन," म्हणाला.

"मले वाजवता येते का? काऊन मी?"

"दोन टोले तं हायेत."

"अन् हात नाई उचलला तं?"

त्याने टेप बंद केली.

"थांबतो मी," म्हणाला.

चाळीस वर्षं पेपरात काढली. बातमीची कॉपी एकदाही उशिरा दिली नाही. आज ही उशिरा जातेय.

उद्या अकरा वाजता गावच्या नदीकाठी अंत्यसंस्कार. मृणाल स्पीकर आणणार आहे. तीच रचना लावेल. त्याचे दोन टोले वाजतील.

मग माझी पाळी.

दादा, थांब जरा. देते मी जवाब.