उसने दिलेत, उसनेच राहतील

माझ्या धाकट्या जावेला सगळे कात्री म्हणतात. शिवणकाम करते म्हणून, असं तिला सांगतात. खरं कारण तिची जीभ, पण ते लिहू नकोस. बरं लिही, तिला ठाऊकच आहे.

तर ही कात्री फोनवरून परक्या माणसांना पैसे उसने देते. व्याज नाही, काही नाही. फोनवर फोटो येतात, कोणाला शेगडी हवी, कोणाला हातगाडी. हिच्यासारखे पुष्कळ जण थोडे थोडे घालतात. हिने एका शिवणाऱ्या बाईला मशीनसाठी दिले. हप्ते येत होते, मग बंद पडले.

एक दिवस फोनवरच प्रश्न आला, तिचे राहिलेले माफ करायचे का? कात्रीचा मुलगा म्हणाला, "आई, 'हो' दाबून टाक. रोज काय उघडून बघतेस?"

"माफ कोणाला करतात रे? चुकलेल्याला. तिचं काय चुकलं?"

"मग दान केलं समज."

"दान नाही केलं. उसने दिलेत. उसनेच राहतील."

मी म्हटलं, "अगं, जाऊ दे ना." तर माझ्यावरच उलटली. "ताई, तुम्ही पण? विसरलात?"

विसरीन कशी! दीर गेले तेव्हा लोकांनी हिच्या हातात पैसे कोंबले. परत नको म्हणाले. चांगलीच माणसं होती गं. पण मग हिच्याशी बोलताना आवाज मऊ करायची, आजाऱ्याशी बोलतात तसा. कोणी हिच्याशी भांडेनासुद्धा! एक बटणवाला तेवढा निराळा. जुनं मशीन उधारीवर दिलं आणि दर महिन्याला वसुलीला दारात हजर. "काय बाई, पैसे काढा, आणि चहात साखर घाला या वेळी." ही त्याच्याशी तावातावानं भांडायची, आणि तो गेला की गुणगुणत शिवायला बसायची.

"त्या बाईला माफ केलं," ती मुलाला म्हणाली, "तर तिच्या दारात कोण जाणार?"

नाहीच दाबलं तिनं. परवा फोन वाजला. हप्ता आला होता. केवढा? दोऱ्याचं एक रीळसुद्धा येणार नाही एवढा. कात्रीनं मुलाच्या नाकासमोर फोन नाचवला, "बघ! आला की नाही!"

"एवढ्यात चहा तरी येईल का?"

"येईल. बिनसाखरेचा."

मीही तिला माझे थोडे घालायला सांगितलेत. वसुली मात्र तीच करणार. मला भांडता येत नाही. हसतेस काय, लिही.